लढाई न झालेला किल्ला

“तिचं भाषण इंग्लिशमध्येच होऊ दे. मराठीत दोन वाक्यांत अडकेल ती. नंतर सारांशाला मी आहेच.”

मंडळाचे अध्यक्ष काका हॉलच्या किचनमध्ये काकूंना सांगत होते. मी दाराबाहेर प्रोजेक्टरची वायर हातात धरून उभी होते.

“अहो, पण तिला विचारा तरी.”

“काय विचारू? ती हॅलोसुद्धा मनातल्या मनात म्हणते.”

काकू हसल्या. मलाही हसू आलं, कारण ते काही खोटं नव्हतं.

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळात पद्धतच होती. आमच्या वयाचं, तरुण कोणी बोललं तर ते इंग्लिशमध्ये. मग पुण्या-नागपुराहून मुलांकडे आलेले, पहिल्या रांगेत स्वेटर घालून बसणारे आईवडील असतात, त्यांच्यासाठी काकांचा मराठी सारांश. तो मूळ भाषणापेक्षा लांब आणि लोकप्रिय असायचा. मागे एका मैत्रिणीने वेल्समधल्या मेंढ्यांवर भाषण केलं होतं. सारांशात ते आपल्या धनगरांवर गेलं आणि परत आलंच नाही.

माझा विषय लाटव्हियातला एक किल्ला होता. कार्डिफला जुन्या इमारतींचं जतन शिकताना एक अख्खा उन्हाळा मी तिथे भिंती मोजत काढला होता.

काका बाहेर आले. “अगं, सारांशात कुठली लढाई घेऊ?”

“लढाई अशी नाहीये, काका.”

“किल्ला आहे आणि लढाई नाही? वेढा तरी असेल. तोफा?”

“नंतर त्याचं घर केलं, जमीनदाराचं.”

“म्हणजे फितुरी!” काका खूश झाले. “बघ, धागा सापडला.”

त्यांनी लॅपटॉपवर माझी पहिली स्लाइड उघडली. माझ्या साध्या शीर्षकाच्या जागी ‘बाल्टिकची शौर्यगाथा’ असं लिहून ठेवलेलं होतं. मी नेहमीसारखं ‘ओके’ म्हणाले आणि वायर लावायला वाकले.

वाकल्यावर मला त्या खिडक्या आठवल्या. किल्ला बांधला जर्मन सरदारांनी, म्हणजे त्यांच्या हुकुमावरून गावकऱ्यांनी. पुढे तो एका उमराव घराण्याकडे आला. त्यांना बाण मारायच्या फटी नको होत्या, उजेड हवा होता. फटी फोडून खिडक्या केल्या. भिंत इतकी जाड, की त्या खिडकीत मी पाय पसरून बसायचे आणि डबा खायचे. एक बाजू पाडून तिच्या दगडांचा गोठा झाला, खंदकात सफरचंदाची झाडं लावली. दगड वाहिले त्याच गावकऱ्यांनी, पिढ्यान्पिढ्या. त्यांची भाषा त्या घरात फक्त स्वयंपाकघरापर्यंत चालायची. वरच्या मजल्यावर जर्मन.

हे मला तिथे कोणी समजावलं नव्हतं. नकाशावर खोल्यांची जुनी नावं होती. वरच्या मजल्यावरची सगळी जर्मन, तळघराजवळची तेवढी लाटव्हियन. पुण्यात आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि आम्ही ती डबा खाताना बोलायचो, त्यामुळे मला तो नकाशा लगेच वाचता आला.

हेच काकांच्या सारांशात फितुरी होणार होतं. पुढच्या रांगेतल्या लोकांना माझा किल्ला कधी दिसणारच नव्हता. भाषण मी इंग्लिशमध्येच लिहिलं होतं. देवनागरी मी अजून हळू वाचते. ‘खंदक’ हा शब्दसुद्धा आईला फोन करून विचारला होता. पण वाचायचं कशाला, भिंती तर पाठच होत्या.

मी शीर्षक खोडून माझं परत टाकलं.

काकांनी ओळख करून दिली: आपली लाजाळू कन्या, कॉन्व्हेंटची, इंग्लिशमध्ये थोडक्यात सांगेल, मग आपण आहोतच. टाळ्या वाजल्या. काका माइक देऊन तिथेच, माझ्या खांद्याशी उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला सांगितलं, “संपलं की उठव हं मला.”

माइक तोंडाजवळ धरला तेव्हा त्यात आधी माझा श्वासच ऐकू आला.

“काका, तुम्ही बसा,” मी म्हणाले. “सारांश नको. या किल्ल्यात शौर्यबिर्य काही नाही, मालकांनीच तो फोडून घर केलं. दगड कोणी वाहिले, ते मी सांगते. मराठीत सांगते. अडकले तर थांबा थोडं, पण मधे बोलू नका.”