तणीस मऊ करणारा

मूठभर तणीस उचलायची, पिळायची, नाकाशी धरायची आणि म्हणायचे, "नाकाले इचारा, साहेब." आमच्या जनावरांच्या दवाखान्यातील परिचराची ही सवय. पदवी माझी होती. तणशीचे ज्ञान त्याचे.

भंडारा जिल्हा धानाचा, म्हणून तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंगणोअंगणी असते. ती कोरडी आणि चिवट. गुरांचे पोट भरते, अंग भरत नाही. युरियाचे पाणी शिंपून, थरावर थर तुडवून, प्लास्टिकखाली तीन आठवडे झाकली की ती मऊ होते आणि अंगी लागते. मी हे सभांत सांगत असे. लोक जांभया देत. तो मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ढिगावर चढे आणि नाचावे तसा तुडवू लागे.

"काहून बाप्पा, कोणाचं लग्न हाय?" बाया विचारत.

"तुमच्या गाईचं डोहाळजेवण हाय, काकू."

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती सांगत बसत नाहीत, करू लागतात.

शहापूरजवळच्या एका गावात एकट्या राहणाऱ्या एका बाईची एकच गाय होती, गाभण. पुष्कळ मनधरणीनंतर बाईने तणशीला होकार दिला. काम अर्धे झाले असताना मी परिचराला फोन केला: वरिष्ठ तपासणीला येत आहेत, ताबडतोब ये.

"साहेब, युरियाचं पानी उरलं हाय."

"ते नंतर बघ."

तो निघाला. पाणी अंगणातल्या बादलीत राहिले. त्याच बादलीत गाईसाठी रोज भाताचे पसावन, म्हणजे भात वेळून काढलेले पाणी, ठेवले जाई. बाई घरात होती. गाय सवयीने आली आणि प्यायली.

बाईचा फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा गाय आडवी होती, पोट फुगलेले, अंग थरथरत होते. उपाय एकच: सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि थंड पाणी. सिरका दवाखान्यात नव्हता. परिचर मोटारसायकलवरून महामार्गावरच्या चायनीजच्या गाडीकडे धावला आणि होत्या तेवढ्या बाटल्या घेऊन आला. मागोमाग गाडीवाला.

"काका, मी मंच्युरियन कायनं बनवू आता?"

"आज गाय चायनीज खाऊन राहिली. तू तिचं डोक्स धर."

बांबूच्या नळ्याने आम्ही पाजत राहिलो. "माही गाय मरते का जी?" बाईने एकदाच विचारले.

"चूक माही हाय, माय," तो म्हणाला. "बादली म्या ठेवली." माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही.

उन्हे कलताना गाईने ढेकर दिला. मग पाय गोळा केले. मग ती उठली. गाडीवाल्याने टाळ्या वाजवल्या. बाई गाईच्या गळ्याला बिलगली. परिचराने बादली हापशीवर घासली, तिच्या बुडाला दगडाने भोक पाडले आणि दुसऱ्या दिवशी नवी आणून दिली, अर्धे काम पुरे करून ढीग झाकला. गाय पुढे सुखरूप व्याली. झाकल्यापासून तीन आठवड्यांनी त्याच ढिगावरचे प्लास्टिक बाईने स्वतः काढले, तणीस वाऱ्यावर पसरली आणि मग गाईपुढे टाकली.

गेल्या वर्षी तो निवृत्त होऊन नाकाडोंगरीला गेला. निरोपसमारंभात मी दोन वाक्ये बोललो, दोन्ही सरकारी. माझ्या फोनचा उल्लेख त्याने कधी, कुठेही केला नाही. मीही केला नाही.

आज केला.