चौथा रंग मागणारं जाळं

माझी नणंद विनिता गणिताची प्राध्यापक. जेवण झालं की ताटात बोटाने ठिपके काढून रेघांनी जोडत बसायची. सासूबाई ओरडायच्या, "उष्ट्या हाताने कसली नक्षी काढतेस?"

विषय ग्राफ थिअरी. मला सांगायची, "ठिपके आणि रेघा, वहिनी. रेघेने जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही. मग कमीत कमी किती रंग लागतील?" ठिपक्या-रेघांच्या एका जातीच्या जाळ्यांना तीन रंग नेहमी पुरतात, असं तिने सिद्ध केलं आणि १९९७ साली प्रबंध विद्यापीठात दिला. डॉक्टरेट झाली की ती कॉलेजात कायम होणार होती. मी जीवदानी देवीचा नवस फेडून आले. सासूबाईंनी आमच्या गिरीज गावभर पेढे वाटले.

गौरीजेवणाच्या दिवशी मी नैवेद्याचं ताट वाढत होते, तेव्हा ती कागद घेऊन आली.

"वहिनी, चौथा रंग मागणारं जाळं सापडलं."

"कोणाला?"

"मलाच. माझी सिद्धता चुकली."

सासूबाईंनी विचारलं, "परीक्षकांना दिसलंय?"

"नाही."

"मग गप बस की! पेढे काय परत मागायचे लोकांकडून?"

तिचे मार्गदर्शक सरही फोनवर तेच म्हणाले, "वाचतंय कोण? आधी पदवी घ्या, मग निवांत दुरुस्त करा."

विनिता माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "मागच्या वर्षी भाजीत मीठ नव्हतं, वहिनी."

"नैवेद्य चाखत नाहीत. देव गोड मानून घेतो."

"तुझा घेतो. मला मात्र चाखूनच वाढावं लागतं."

त्या दिवशी माझ्या रोजनिशीच्या वहीत मी लिहिलंय: विनिताची जीभ फार सुटली आहे.

तिने प्रबंध मागे घेतला. पुढच्या जूनला कॉलेजने तिला घेतलं नाही. ती ओटीवर बारावीच्या शिकवण्या घेऊ लागली. सांडोरच्या मावशी मुद्दाम येऊन म्हणाल्या, "स्वतःच्या हाताने नोकरी घालवलीस."

"नोकरी गेली, मावशी. जाळं आहे ना!"

कोणत्या जाळ्यांना तीन रंग पुरतात आणि कोणत्यांना नाही, हे शोधायला तिला २००१ साल उजाडलं. नव्या प्रबंधात पहिल्याच प्रकरणात तिने आपली जुनी चूक छापली, चौथा रंग मागणाऱ्या जाळ्यासकट. सर म्हणाले, "ते पान काढा, तरच सही करतो."

"मग नका करू."

पावसाळा गेला, दिवाळी गेली, ती हलली नाही. शेवटी सरांनीच सही केली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "स्वतःची चूक कोण छापतं?"

"पुढचा माणूस त्यात पडू नये असं ज्याला वाटतं, तो."

मग ते तासभर त्याच पानावर बोलत राहिले, असं तीच सांगते. डॉक्टरेट मिळाली, दुसऱ्या कॉलेजात कायमची नोकरीही.

प्रबंध बांधून घरी आला, तेव्हा मी तो देवापुढे ठेवला, नेमकं तेच पान उघडून. सासूबाई कुजबुजल्या, "अगं, चूक कुणी देवापुढे ठेवतं का?"

"आपल्या घरी ठेवतात," मी म्हटलं आणि समई लावली.