कुरोड्यांच्या दिवशीची मुलाखत

माझ्या नातीने इंग्रजीत एम.ए. केलं आणि एक दिवस जेवताना सांगून टाकलं, की तिला व्हिएतनामला जाऊन तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं आहे. आमच्या वडनेर भोलजीची पोरं पुण्यामुंबईला जातात, एखादा दुबईलाही पोचतो, पण व्हिएतनाम म्हटल्यावर तिच्या बापाच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या हातातला घास हातातच राहिला. तिने मोबाइलवर नकाशा दाखवला. बरबटीच्या शेंगेसारखा लांबट देश. मला तर पाहताक्षणी आवडला.

तिथे नोकरी मिळायची तर आधी शिकवायचं कसं, याचा एक कोर्स करावा लागतो. असे कोर्स म्हणजे बाजारातली भाजी, जिकडे पाहावं तिकडे ढीग. माझ्या मुलाने अट घातली, की कोर्स एकच करायचा, पैसे एकदाच मिळतील. निवडण्यात फसली तर व्हिएतनामचं नाव काढायचं नाही, मुकाट्याने बी.एड. करून इथली शाळा धरायची. तो बोललेलं फिरवत नाही, हे पोरीला पक्कं ठाऊक.

मग काय, आम्ही स्थळं पाहावीत तसे कोर्स पाहायला लागलो. आमच्याकडे मुलगी द्यायची तर पाहुण्यांच्या बोलण्यावर कोणी जात नाही. त्यांच्या गावच्या पिठाच्या गिरणीवर माणूस पाठवतात. कोणाच्या घरचं दळण कसं आणि सासू कशी, तिथे सगळं कळतं. कोर्साला गिरणी कुठली असणार? मी नातीला म्हटलं, तिथून शिकून गेलेल्या पोरी शोध, त्यांना विचार. तिने शोधल्या. बऱ्याच जणींनी उत्तरंही पाठवली. गिरणी ती गिरणीच, मोबाइलवर असली म्हणून काय झालं.

चाळता चाळता दोन कोर्स उरले. एक घरबसल्या, सगळा मोबाइलवर, शेवटी प्रमाणपत्र. दुसरा पुण्याचा, महिनाभर तिथे राहायचं, खरोखरच्या विद्यार्थ्यांना रोज शिकवायचं आणि शिकवणारे मागे बसून पाहणार. पहिल्याच्या माणसाशी मीही फोनवर बोलले. विचारलं, आमची पोरगी शिकवताना कोणी पाहीन का? तो म्हणाला, आजी, प्रमाणपत्र सगळीकडे चालतं. मी पुन्हा तेच विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. मला ते पटलं नाही. तो कोर्स करून थायलंडला गेलेल्या एकीनेही कळवलं होतं, की पहिल्या दिवशी वर्गात उभी राहिले आणि काय करावं ते सुचेना.

एवढं कळूनही नातीचा ओढा त्याच कोर्साकडे. मला उलगडा होईना. शेवटी गव्हाचा चीक गाळताना मी तिला धरलंच. म्हटलं, काऊन गं, सगळं कळून राह्यलं तरी तिकडेच काऊन?

ती कापड पिळता पिळता म्हणाली, "आजी, मले चार लोकांसमोर उभं राह्यलं की घाम सुटते. पुण्यात तर रोज पाह्यतीन. पहिल्याच दिवशी समजून जाईन त्याईले, की हिले येत नाही."

असं होतं तर. मी काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, पुण्याचा कोर्स चालवणाऱ्या बाई आधी मोबाइलवर समोर बसवून मुलाखत घेतात ना, त्यांच्याशी एकदा बोल, बोलण्याने लग्न लागत नाही.

मुलाखतीची वेळ आली ती नेमकी कुरोड्यांच्या सकाळची. आता ज्यांनी कुरोड्या केल्यात त्यांना ठाऊक आहे, गहू भिजवून, वाटून, चीक शिजला की तो कोणासाठी थांबत नाही. गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा, नाहीतर दगड. बायका गच्चीवर जमलेल्या. शेजारची आपा दरवर्षी आमच्याकडे सोऱ्या धरते, आम्ही तिच्याकडे शेवयांना जातो. आणि फोनची रेंज घरात कुठे नाही, गच्चीवरच. पोरगी बिचारी टाकीला फोन टेकवून, आमच्याकडे पाठ करून बसली.

बाई बोलायला मोकळ्या होत्या. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी विचारलं, मागे कोण आहेत? नातीने सांगितलं. बाई म्हणाल्या, छान, मग त्यांना आत्ता इंग्रजी शिकवा. मराठीचा एक शब्द वापरायचा नाही.

पोरीचं तोंड उतरलं. उठली आणि इंग्रजीत जे सुरू झाली, श्वास घेईना. आम्ही हातातला चीक धरून पाहतच राहिलो. आपा म्हणाली, "बेटा, बातम्या संपल्या की सांग, चीक थंडा होऊन राह्यला."

बायका हसल्या. मला वाटलं, आता ही रडते. पण तिलाही हसू फुटलं. ती खाली बसली, आपाच्या हातून सोऱ्या घेतला आणि एक कुरोडी पाडली. बोट फिरवून म्हणाली, "राउंड." आणखी एक पाडली, "राउंड." मग सोऱ्या माझ्या हातात दिला. माझी गेली वाकडी. तिने मान हलवली, "नॉट राउंड." आपाला तेवढंच पाहिजे होतं. त्यानंतर मी जी कुरोडी पाडे तिला आपा "नॉट राउंड" म्हणे, आणि मी मुद्दाम वाकडी पाडे. मग "स्लो" आलं, "फास्ट" आलं. पाटी अर्धी भरली तरी कोणी फोनकडे पाहिलं नाही.

बाईंनी सगळं पाहिलं होतं. त्या मराठीत म्हणाल्या, "सुरुवातीला बोलत होतात, नंतर शिकवलंत. आमच्याकडे रोज असंच चालेल. आधीचं चुकलेलंही आम्ही पाहू, त्यावर बोलू. चालेल?"

नात म्हणाली, "सांगते." लगेच हो म्हणाली नाही, ते मला बरं वाटलं.

संध्याकाळी माझा मुलगा शेतातून आला, तेव्हा तिने पाणी द्यायच्या आधीच सांगितलं, पुण्याचा. त्याने विचारलं, घरबसल्या होत असताना पुणं कशाला?

"तिथं मले पाह्यतीन, बाबा."

"अन् नाही जमलं तर?"

"तर पुण्यातच समजीन. व्हिएतनामले जाऊन समजण्यापरीस बरं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या त्याच्या पुढे केला. मग त्याने चप्पल काढली, ओट्यावर टेकला आणि विचारलं, की कोर्स कधी सुरू होतो. पोरीने मलकापूरहून सुटायची गाडीसुद्धा पाहून ठेवली होती.