बुधवारची म्हातारी शाळा

आमच्या जीपमधल्या पेटीतल्या गोळ्या महिनाअखेरीला संपायच्या. किस्से मात्र कधी संपले नाहीत, साठतच गेले! लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं सलग दडी मारली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी एका संस्थेत नर्स होते. दर बुधवारी एक गाव गाठायचं आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा, शिवाय त्यांचं करणाऱ्या घरच्यांचा आरोग्याचा वर्ग घ्यायचा, हे आमचं काम. आमचे डॉक्टर पुण्याचे. माणूस सोन्यासारखा, पण बोलायचा पुस्तकासारखं. मग त्यांचं मराठी मी मराठीत सांगायची!

*

पहिला वर्ग लातुरातच, एका मठाच्या ओसरीवर. समोर गुळाचे व्यापारी शिवलिंगअप्पा, शेजारी त्यांच्या मंडळी, अक्का. अप्पांना शुगर. डॉक्टरांनी अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच अप्पा उठले.

"डॉक्टरसाहेब, एक खुलासा पायजे. माझं गोड बंद केलं ते उस्मानाबादच्या डॉक्टरनं. आता आपला जिल्हा वेगळा झाला. तो हुकूम अजून लागू हाय का?"

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "आजाराला जिल्हा नसतो."

"मग आमी वेगळे कशाला झालो!"

तरी अप्पांचा मुद्दा बरोबर होता. गूळ चाखल्याशिवाय सौदा होत नाही, आणि दिवसभर चाखत बसलं की शुगर उतरत नाही. शेवटी वर्गातच ठरलं, दुकानात अक्कांनी बसायचं. त्या चाखणार, अप्पा भाव करणार.

पुढच्या खेपेला भेटले तेव्हा अप्पांची शुगर उतरलेली, पण चेहराही उतरलेला. मी विचारलं, "काय झालं अप्पा?"

"काय सांगू सिस्टर! गिऱ्हाईक दुकानात शिरतं अन् मलाच इचारतं, मालक कुठं हायत?"

*

हात धुण्याचं प्रात्यक्षिक औशाकडच्या एका गावात होतं. तिथं टँकर एक दिवस यायचा, दोन दिवस यायचा नाही. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या, मी तांब्यातून धार धरली. तेवढ्यात गयाबाई नावाच्या आजी लगबगीनं पुढं आल्या आणि त्यांनी हाताखाली घमेलं सरकवलं.

डॉक्टर खूश! "पाहा, आजींना स्वच्छतेचं महत्त्व किती पटकन कळलं!"

आता साबणाची वडी उचलणार, तोच गयाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"बाकी समदं शिकवा, पर तेवढं साबन लावू नका. मग म्हस तोंड लावत न्हाई!"

*

दीर्घ श्वसनाचा व्यायाम. डॉक्टर म्हणाले, "श्वास आत घ्या. आता रोखून धरा." सगळ्यांनी गाल फुगवले. नेमकं तेव्हाच सरपंचांनी दारातून काहीतरी विचारलं आणि डॉक्टर उत्तर देत बसले. त्यांचं उत्तर म्हणजे छोटं भाषणच. इकडं पहिल्या रांगेतल्या रुक्माबाई लालबुंद झालेल्या. शेवटी फुस्सकन आवाज आला.

"ओ डॉक्टर! श्वास सोडू, का आता जीवच सोडू?"

*

एका सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी आम्ही फार खटपट केली होती. म्हातारी भिंत चाचपत चालायची. आमच्याच जीपमधून तिला दवाखान्यात नेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. महिन्याभरानं वर्गाला गेलो तर सून जीपपाशीच उभी. मला वाटलं आभार मानायला आली. तिनं मला हाताला धरून बाजूला नेलं.

"सिस्टर, लई उपकार झाले. पर आत्याबाईला आता समदं दिसायलंय. भांड्यावरचा डाग दिसतो, पिठातला किडा दिसतो, मी शेजारी बोलत उभी राहिले तर ते बी दिसतं."

"मग चांगलंच झालं की!"

"चांगलंच हो. पर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जरा पुढं ढकलता का?"

*

पुढं संस्थेनं आम्हाला नांदेडकडं पाठवलं. बिलोलीजवळच्या एका गावात विषय होता, विसराळूपणा. डॉक्टर त्या दिवशी असे बोलले की मला त्यांचं मराठी परत सांगावं लागलं नाही. वस्तू ठरलेल्या जागी ठेवा, निघताना सगळं घेतलं का ते एकदा मोजा. टाळ्या पडल्या. डॉक्टर खुशीत जीपमध्ये पुढं बसले आणि जीप गेली.

मी मागं गावातच! पाणी प्यायला एका घरात गेले होते.

बायांनी मला पिठलं-भाकरी वाढली. माझं जेवण होतंय तोवर धुरळा उडवत जीप परत आली. डॉक्टर खाली उतरले ते मान खाली घालूनच. एका आजीनं त्यांना पाट दिला, ताट दिलं आणि मायेनं म्हणाली,

"बस लेकरा. पुढल्या बुधवारी तू आमच्या जागी खाली बस, बोलतो आमी."

*

अर्धापूरला केळीवाले मारोतीमामा वर्गाला यायचे. तरुणपणी कुस्त्या मारलेला धिप्पाड गडी. त्यांच्या बायकोचं, सरूमामीचं, अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. घरात दुसरं कुणी नाही. मामांनी सगळं शिकून घेतलं. तिला कूस कशी बदलायची, पाठीला पावडर कशी लावायची, घास कसा भरवायचा. तरी ती भिंतीकडं तोंड करून पडायची. कुणी भेटायला आलं की डोक्यावरून पदर ओढून घ्यायची.

एकदा वर्ग संपल्यावर मामा घुटमळत राहिले. बाया गेल्यावर मला हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमी समदं शिकवलं. वेणी तेवढी ऱ्हायली."

मला आधी कळलंच नाही. मग मी माझीच वेणी पुढं घेतली, सोडली आणि पुन्हा घालून दाखवली. तीन पेड, हा यावरून, तो त्यावरून. मग सुतळीचे तीन पेड मामांच्या हाती दिले. त्यांची बोटं केळीच्या घडासारखी, एक पेड धरला की दुसरा सुटायचा. शेवटी घाम पुसत ते म्हणाले, "कुस्ती सोपी हो!"

पुढच्या वर्गाला दारात बैलगाडी थांबली. मामांनी सरूमामीला उचलून आत आणलं आणि भिंतीला खांदा टेकवून बसवलं. डोक्यावर पदर नव्हता. पाठीवर वेणी होती. वर जाड, खाली बारीक, मध्येच कानाकडं वळलेली, आणि शेवटाला केळीच्या वाळल्या सोपटाची दोरी बांधलेली!

वर्गातल्या बायांना राहवेना. एक उठलीच. "अगं माय, किती वाकडी घातली! थांब सरू, सोडून नीट घालते."

सरूमामीनं चांगला हात मागं नेला, वेणी खांद्यावरून पुढं ओढली, आणि वर्ग संपेपर्यंत मुठीत गच्च धरून ठेवली.