जिथे दादा रुजू व्हायचा होता

हैदराबादच्या कंपनीतून फोन आला. पलीकडच्या बाईंचं पहिलंच वाक्य ऐकून मी खुर्चीतून उठलो. "सर, मागच्या वर्षी तुम्ही आमची ऑफर घेतली होती, पण जॉइन झाला नाहीत."

ती ऑफर माझ्या मोठ्या भावानं घेतली होती. आमचं आडनाव एक, अहमदपूरचा कायमचा पत्ता एक, आद्याक्षरंही तीच. दादा जुन्या कंपनीत तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडवर होता. शेवटचा आठवडा उरला असताना एका सकाळी आंघोळ करून आला, पलंगावर टेकला आणि गेला. नव्या कंपनीला कळवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांच्या यादीत तो अजून यायचा होता.

"तो माझा भाऊ," मी म्हणालो.

"अच्छा. मग ते कधी येणार?"

आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवला.

मला त्यांनी तीच जागा देऊ केली होती. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

दादा आणि मी पुण्याच्या एकाच कंपनीत घरून काम करायचो, तो लातूरहून आणि मी नांदेडहून. मला तिथं त्यानंच लावलं होतं. त्यानं राजीनामा दिल्यावर त्याचं काम माझ्याकडे आलं. जाणाऱ्यानं आपलं काम व्हिडिओ कॉलवर समजावून द्यायचं आणि तो कॉल रेकॉर्ड करून ठेवायचा, अशी आमच्या धंद्यात पद्धत आहे. दादा पहिली दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचा, मग त्याला कंटाळा यायचा. "हे बघ, हा प्रोग्राम पहाटं चालतंय. अडकला की ह्याला हात लावू नको, आधी ह्याच्या वरचं बघ. कळलं का?" आणि मी म्हणायचो, "हाव."

तो गेल्यापासून काही अडलं की मी रेकॉर्डिंग लावायचो. तो सांगायचा, मी करायचो. वर्षभर मी त्याच्या हाताखालीच काम करत होतो म्हणा ना.

नोकरी सोडली तर लॅपटॉप परत द्यावा लागणार होता. रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीची, उतरवून घेण्याची सोय नाही. राहिलो तर त्यानं मागं ठेवलेलं काम सांभाळत बसायचं, गेलो तर त्याच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसायचं. मी कागदावर दोन रकाने आखले, पण दोन्हीकडे तोच येऊन बसायचा. तरी मन हैदराबादकडे झुकत होतं. त्यानं निवडलेली वाट अर्धी राहिली, ती आपण पुरी करावी, असं काहीतरी.

सोडायचं झालंच तर पुढच्या माणसाला काय काय द्यावं लागेल, याची यादी करायला मी शनिवारी दुपारी बसलो. नववं रेकॉर्डिंग मी पुन्हा कधी लावलंच नव्हतं. त्या दिवशी मधे मी अकरा मिनिटं जागेवर नव्हतो. गॅस सिलेंडर आला होता, म्हणून आवाज आणि कॅमेरा बंद करून खाली गेलो होतो.

दादा बोलता बोलता थांबला. "कळलं का?"

पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या नावाचा काळा चौकोन.

"अरे, हाय का न्हाई?"

तो सरळ माझ्याकडे बघत होता. नांदेडच्या भर दुपारी, बाहेर भाजीवाला ओरडत असताना, मी मोठ्यानं म्हणालो, "हाव." त्याला ते पोचलं नाही. त्या खोलीत तो होता, श्वास घेत होता, वाट बघत होता. नव्हतो तो मी.

मग वहिनीचा आवाज आला. "कुणाशी बोलायलाव हो?"

"भिंतीशी."

"हैदराबादचं नक्की ना? पोरीच्या शाळेचं बघावं लागंल."

"नक्की कशाचं. राजीनामा दिलो, आता उगंच दिलो वाटायलंय. माघारी घेता येतो का इचारावं म्हणलो."

"आन् मला हे आता सांगायलाव?"

"तुला सांगितलं की ते खरं व्हतंय."

शेवटी माझा धापा टाकणारा आवाज आला, "दादा, सिलेंडरवाला आला होता."

"मला वाटलं मेलास," दादा म्हणाला आणि आम्ही दोघं हसलो. रेकॉर्डिंगमध्ये ते हसू आहे.

रविवारी सकाळच्या एसटीनं लातूरला गेलो. वहिनीसमोर लॅपटॉप ठेवला आणि ते रेकॉर्डिंग लावलं.

"मी एवढी खेकसत होते?" ती म्हणाली. मग 'भिंतीशी' एवढंच दोनदा लावायला सांगितलं.

"वहिनी, त्याचं ठरलंच नव्हतं."

"कवाच ठरायचं न्हाई त्यांचं. बनियन घ्यायला तासभर." ती उठून चहाचं आधण ठेवायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "भावजी, त्यांच्यासाठी जात असाल तर जाऊ नका. तुम्हाला जायचंय का?"

"गेलो तर हा आवाज जाईल."

"आवाजाचं काय. मला घरात ऐकू येतोच की."

आधण उकळायला लागलंय, हे ज्या सुरात सांगावं त्याच सुरात ती हे बोलली. मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. पडदा हलत नव्हता.

परतीच्या गाडीत तो कागद काढला आणि दोन्ही रकान्यांतून दादाचं नाव खोडलं. उरलं ते थोडंच. वर्षभरात मी नवं काहीच शिकलो नव्हतो. तिथलं काम मला येत नव्हतं आणि ते यावंसं वाटत होतं.

सोमवारी मीच त्या बाईंना फोन केला. भाऊ वारला आहे म्हणून सांगितलं आणि आधी त्याची नोंद बंद करा, म्हणालो. त्या हळू आवाजात 'सॉरी' म्हणाल्या.

दुपारी वहिनीचा मेसेज आला. दादाची मेल तिच्या फोनवर अजून चालू आहे. कंपनीचं पत्र तिनं मला पुढे पाठवलं होतं. आपली उमेदवारी मागे घेण्यात आली आहे, आपल्याला शुभेच्छा, असं दादाच्या नावानं. खाली तिनं लिहिलं होतं, "यांचं बंद झालं. आता तुमचं कळवा."

येतो, असं मी हैदराबादला कळवलं.