ओवीला आत कोणी घेतलं?

या धाग्यावरचे अनुभव मी रोज दुपारी जेवण झालं की वाचतो, बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि हसतो. हे आधीच कबूल केलेलं बरं. ज्यांना मी हसलोय त्यांनी आता हसून हिशोब चुकता करावा. एका कारखान्यात तपासणी विभागात मी तीस वर्षं काढली, दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची हाच धंदा. त्यामुळे कोणी ‘पांढरी आकृती दिसली’ असं लिहिलं की माझा पहिला प्रश्न — चष्मा लावलेला का? भूतखेत, करणी, सावली... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ म्हणायला जीभ वळत नाही.

जागा सांगतो. ठाणे पूर्व, कोपरी. चार मजली सोसायटी, तळमजल्यावर आमचा फ्लॅट. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, आत लाकडी दार. आत शिरलं की हॉल, डाव्या हाताला मुलांची खोली, अगदी मागे किचन. माझी बायको वैशाली इथे अकरा वर्षं पाळणाघर चालवते. नऊ मुलं आहेत. वेळ सकाळी साडेसात.

साडेसात हे नीट वाचा, कारण पालक वाचत नाहीत. पहिलं मूल पावणेसातला येतं. “काका, आज जरा लवकर हां...” हा ‘आज’ रोज उगवतो. मूल झोपेतच असतं, तोंड न धुतलेलं, रात्रीचं डायपर टम्म फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतंय, वास दारातच नाकात शिरतोय. एखाद्याला तापाचं औषध पाजून आणलेलं असतं — दुपारी अंग तापेपर्यंत आपल्याला पत्ता लागू नये एवढ्या हिशोबाने. मला या सगळ्याची शिसारी आलेली. वैशालीला नाही येत. ती मूल कडेवर घेते आणि न्हाणीकडे जाते.

मी मात्र शिस्त लावायला निघालेलो. आधी दारावर पाटी लावली — ‘साडेसातच्या आधी मुले घेतली जाणार नाहीत.’ दोन महिने ती कोणी वाचली नाही, कारण सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. मग एकदा ठाम नकार द्यायला अर्धी दाढी झालेली असताना टॉवेलवरच दार उघडलं. समोरच्या बापाने “थँक्स काका” म्हणत पोरगं माझ्या हातात ठेवलं आणि गेला. दोन्ही हातांत पोर, टॉवेल सुटतोय, आणि पोरगं माझ्या गालावरचा फेस चाटतंय. तिसऱ्या वेळी मी दारामागे श्वास रोखून उभा राहिलो, घरात कोणी नाहीच असं दाखवायला. बाहेरून चार वर्षांच्या आरुषचा आवाज आला, “पप्पा, काका आहेत. खालून पाय दिसतात.”

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने नाद सोडला असता.

गेल्या थंडीतली गोष्ट. वैशालीच्या बहिणीचं कल्याणला डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती रात्री तिकडे राहिली. सकाळी सव्वासातपर्यंत परतणार होती. निघताना म्हणाली, “अहो, ऐका. ओवीची आई पावणेसातला येते. पोरीला गुपचूप आत घ्या. तिच्याशी वाद घालत बसू नका.”

“नाही घालणार,” मी म्हणालो.

खरंच घालायचा नव्हता. माझा बेत त्याहून हुशार होता. सकाळी साडेसहाला मी बेलचं बटण बंद केलं. मोबाइल सायलेंट. सेफ्टी डोअरला आतून कुलूप, किल्ली लेंग्याच्या खिशात. लाकडी दाराला वरची कडी. मुलांच्या खोलीलाही बाहेरून कडी होती, ती तशीच ठेवली. दार ठोठावलं तरी ऐकू येऊ नये म्हणून किचनमध्ये एक्झॉस्ट फॅन लावला, आणि त्या घरघरीत बसून दोन कप चहा आणि पाव पुडा खारी संपवली. ताटकळू दे बाईला साडेसातपर्यंत, चुकू दे तिची कंपनीची बस, मग येईल अक्कल... इतका चवदार चहा मी आयुष्यात प्यायलेलो नाही.

सव्वासातला कोणीतरी दारावर बुक्के मारतंय असं वाटलं. वैशाली होती. मी कडी काढली, कुलूप काढलं.

“बेल का वाजत नाहीये?”

“बिघडली असेल,” मी म्हणालो.

“ओवी झोपली का?”

“आलीच नाही. सुधारली माणसं.”

वैशालीने पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. ओवीच्या आईचा मेसेज, सहा अठ्ठेचाळीसचा. ‘ओवीला सोडलं. एवढ्या लवकर घेतल्याबद्दल थँक्यू काकू.’

“तुम्ही घेतलंत ना?” वैशालीने विचारलं.

मला वाटलं, दार उघडत नाही म्हटल्यावर सायलीने — ओवीची आई — पोरीला पायरीवर बसवलं आणि गेली. पोरगी पावणेतीन वर्षांची. गेट सताड उघडं. बाहेर रिक्षा, टेंपो.

मी चपला न घालता पळालो. वॉचमन म्हणाला, “मॅडम बच्ची को लेके अंदर गयी, अकेली बाहर आयी. बच्ची बाहर नहीं आयी, साहब.” त्याच्या केबिनमध्ये गेटचा कॅमेरा बघितला, तेच दिसलं. आमचं दार त्या कॅमेऱ्यात येत नाही. जिने बघितले, गच्ची बघितली, उभ्या गाड्यांच्या खाली वाकून बघितलं. मागे गटाराच्या चेंबरचं झाकण जरा सरकलेलं होतं. मी पालथा पडून त्यात मोबाइलची बॅटरी मारली. खाली काळं पाणी, झुरळं, आणि तो वास... आणि मी हाका मारतोय, ओवी, ओवी. आपण काय करतोय हे कळत होतं, आणि ज्याने बेल बंद केली त्या माणसाचं तोंड त्या पाण्यात बुडवावंसं वाटत होतं.

तेवढ्यात वैशालीची हाक आली. “अहो.” एवढंच.

पोलिसांत जायचं तर फोटो लागेल म्हणून ती मुलांच्या खोलीत फॉर्मची फाइल काढायला गेलेली. बाहेरची कडी तिने स्वतः काढली. आत गादीवर ओवी झोपलेली. कमरेपर्यंत पांघरूण. बूट काढून भिंतीशी एकमेकांना चिकटून ठेवलेले. दप्तर वरच्या खुंटीला, जिथे मोठ्या माणसाचाच हात पोचतो. खिडकीला ग्रिल, ग्रिलला आतून जाळी, दोन्ही जागच्या जागी.

गाल फुगलेला दिसला म्हणून वैशालीने सवयीने तिच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. आणि हाताकडे बघतच राहिली. तांदळाच्या भाकरीचा चावून चावून मऊ केलेला लगदा, त्यात सुक्या जवळ्याचे तुकडे — आणि त्याला मिश्रीचा वास. भाजलेल्या तंबाखूची ती मिश्री बायका दातांना लावतात ना, ती. दुसऱ्या कोणीतरी आधी चावलेला घास होता तो. आमच्या घरात मिश्री कोणी लावत नाही. जवळा आम्ही खातो, पण त्या आठवड्यात आणलेला नव्हता. मी बेसिनकडे धावलो. पोचलो नाही. पुढचं पुसायचं काम माझ्याच वाट्याला आलं.

“कोणी दिलं गं तुला हे?” वैशालीने विचारलं.

“मावशीने,” ओवी म्हणाली.

“कुठल्या मावशीने?”

“बांगड्यावाल्या.”

“कसं दिलं?”

ओवीने तोंडात काही नसताना थोडा वेळ चावल्यासारखं केलं, तीन बोटं स्वतःच्या ओठांपाशी नेली आणि मग ती माझ्या तोंडासमोर धरली. पोरगी मजेत होती.

संध्याकाळी सायली आली. मी तिला हॉलमध्ये बसवून विचारलं, सकाळी नेमकं काय झालं.

“काही नाही काका. बेल वाजवली, लगेच दार उघडलं.”

“बेल वाजली?”

“वाजली ना. नेहमीसारखी.”

“दारात कोण होतं?”

“त्या... मावशी. हात पुढे आले, मी ओवीला दिलं. हिरव्या बांगड्या होत्या. हात ओले होते, मला वाटलं भांडी घासत असतील.”

“चेहरा कसा होता?”

“चेहरा नाही बघितला. बस कुठे आलीय ते बघत होते मोबाइलवर.”

“आणि दार उघडलंच नसतं तर?”

“बसवलं असतं पायरीवर. तुम्ही असताच ना आत.”

मी सांगितलं — सायली, आमच्याकडे अशी कोणी बाई नाही. कुलूप होतं, कडी होती, मी एकटा होतो. वैशालीने त्या घासाचंही सांगितलं. सायलीचा चेहरा पहिल्यांदा बदलला तो तेव्हा.

“जवळा? काकू, आम्ही घरात अंडंसुद्धा आणत नाही.”

“अगं, पण तो दिला कोणी ते आम्हाला माहीत नाही,” वैशाली म्हणाली.

“बरं. पण त्यांना सांगाल ना, नॉनव्हेज नको म्हणून? बाकी काही नाही. ओवी रोज रडते इथे सोडताना. आज अजिबात रडली नाही.”

मला वाटलं धक्का बसला असेल, घरी गेल्यावर डोक्यात प्रकाश पडेल. दुसऱ्या दिवशी ती साडेसहाला आली. त्या आठवड्यात आरुषच्या बापाने मला गेटवर गाठलं. “काका, तुमच्याकडे सकाळची वेगळी मावशी आलीय म्हणे. सहाला चालेल का?” मी त्यालाही सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे अजून फिक्स नाही का?”

गटारात तोंड घातलेलं तेव्हाही मला इतकं घाण वाटलं नव्हतं.

चौकशी मी जमेल तेवढी केली. ही जमीन ज्यांची होती ते बाळारामकाका मागच्याच गल्लीत राहतात, ऐंशीच्या पुढचे. त्यांना विचारलं, आमच्या बिल्डिंगच्या जागी आधी काय होतं.

“भात.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी पन भातच.”

“एखादी बाई वगैरे मेलेली का तिथे?”

“कोन नाय मेली. बायका लावणीला येत, पोरं बांधावर बसवीत. संध्याकालची घरा जात.” मग माझ्याकडे बघून हसले. “का रे, तुला मेलेलीच पायजे काय?”

बेलचं मी वैशालीला चौथ्या दिवशी सांगितलं. तिने उठून बेलच्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि म्हणाली, “उद्यापासून सकाळी तुम्ही बसायचं.” आता मी सहा वाजता दार उघडून प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतो. पालक येतात, मूल माझ्या हातात देतात आणि जातात. मी कोण आहे हे अजून कोणी वर बघून तपासलेलं नाही.

कुलूप तेच आहे, कडी तीच आहे, दोन्ही मी स्वतः ओढून, ढकलून, उलटसुलट करून बघितलंय. ती परत आलेली नाही, निदान मी बसतो तेव्हा तरी. तांदळाची भाकरी थापायचा आवाज आला की मी अजून उठून गॅलरीत जातो, तो लगदा डोळ्यांसमोरून हलत नाही. पण खुर्चीत बसल्या बसल्या कधी कधी दुसरंच काहीतरी आठवतं आणि त्याचीच जास्त किळस येते. आई पाठ वळवून निघालेली होती. मी किचनमध्ये चहात खारी बुडवत होतो. आणि मी बंद केलेली बेल कोणाला तरी ऐकू आली, आणि ते उठून दाराशी गेलं.