काकासाहेबांची फुलं

काकासाहेब आमच्या शेजारचे. शेंद्र्याच्या एका कारखान्यातून स्टोअर सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात कॅमेरा घेऊन आले. तोवर या माणसानं अंगणातल्या कुंडीकडं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. बाग सत्यशीलाबाईंची, त्यांच्या बायकोची. डेलिया, पिटुनिया, गंगापूरच्या माहेराहून आणलेलं आंब्याचं रोप. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं. बाई भाजी-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा साठवून झाडांना घालायच्या.

माघ सरता सरता बाग फुलली आणि काकासाहेब कामाला लागले. काम म्हणजे पाकळ्यांवर ग्लिसरीनचं पाणी फवारायचं आणि त्याला दव म्हणायचं. पान आडवं आलं की तोड, फांदीची सावली पडली की छाट. आंब्याला पाचव्या वर्षी पहिला मोहोर आला होता. फोटोत तो गळताना दिसावा म्हणून यांनी झाड गदागदा हलवलं. कैरी एकही धरली नाही. फोटो मात्र कॉलनीच्या ग्रुपवर गेला, 'माझ्या बागेतून, शुभ प्रभात.' खाली साठ अंगठे. अंगठ्यांनी माणूस इतका फुगतो, हे मी तेव्हा पाहिलं.

एका रविवारी त्यांनी आम्हा चौघा शेजाऱ्यांना बाग बघायला बोलावलं. द्वारकाबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी सहज विचारलं, "डेलियाला खत कुठलं घालता?"

काकासाहेब आकाशाकडं बघू लागले. चहा घेऊन आलेल्या सत्यशीलाबाई म्हणाल्या, "लेंडीखत. करमाडहून आणते मी."

"हिचं काय, पाणी घालायचं," काकासाहेब हसले. "ते कुणीही करतं. फोटोला नजर लागते, नजर!"

बाईंनी ट्रे ठेवला आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून झाडांचं पाणी बंद.

फाल्गुनाचं ऊन. सातव्या दिवशी भिंतीपलीकडून ओरडा ऐकू आला. "अगं, ही फुलं सुकली कशी?"

"पाणी नाय घातलं."

"का?"

"ते कुणीबी करतं म्हणालात. म्हटलं, तुम्ही करताल."

"मला काय कळतं त्यातलं?"

"तेच म्हणते मी."

मग यांनी भर दुपारी बादल्या ओतल्या आणि उरलीसुरली पिटुनियाही कुजवली. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. पण ग्रुपवर रोज फोटो टाकायची चटक कशी सुटणार? दिवाणखान्यातली प्लॅस्टिकची फुलं त्यांनी कुंडीत खोचली, वर दव फवारलं आणि फोटो टाकला. लोकांनी वाहवा केली. द्वारकाबाईंनी विचारलं, "सुंदर! कोणती जात?"

"विलायती आहे," काकासाहेबांनी लिहिलं.

सत्यशीलाबाई ग्रुपवर कधीच काही लिहीत नसत. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, "प्लॅस्टिकची. दर दिवाळीला धुऊन ठेवते मी."

काकासाहेबांनी ग्रुप सोडला. आता गच्चीवर उभे राहून ढगांचे फोटो काढतात. ढगांना पाणी घालावं लागत नाही. बाईंनी बाग पुन्हा हाती घेतलीय. परवा काकासाहेब कॅमेरा घेऊन आमच्या फाटकाशी आले, म्हणाले, "तुमच्या जास्वंदीचा फोटो काढू का?"

मी नाही म्हणालो आणि कडी लावली.